मचाणावरच्या थंडीसाठी महागडे शिकारी कपडे घ्यावेत का?

माळरान (विस्कॉन्सिन)

नमस्कार मंडळी,

आम्ही गेली ११ वर्षे अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यात राहतो. आमचे शेजारी वयाने माझ्या वडिलांच्या बरोबरीचे आहेत. थँक्सगिव्हिंगच्या (नोव्हेंबरअखेरच्या सणाच्या) आधीच्या शनिवारी बंदुकीचा नऊ दिवसांचा हंगाम सुरू झाला, की ते राज्याच्या उत्तरेकडील आपल्या चाळीस एकरांच्या रानात हरणाच्या शिकारीला जातात. गेल्या वर्षी त्यांनी मला केवळ सोबती म्हणून नेले. पहाटे उणे ७ अंश सेल्सियस तापमान होते, वारा बेताचाच होता आणि आम्ही दोघे शिडीच्या मचाणावर शेजारी शेजारी बसलो होतो. सव्वादोन तासांत माझी पावले बधिर झाली आणि दात इतके वाजू लागले, की त्या आवाजाने हरणे पळतील असे शेजाऱ्यांनी हसत हसत सांगितले. शेवटी माझ्यासाठी तेही खाली उतरले आणि त्यांची सकाळ वाया गेली, याची खंत मला अजून आहे.

त्या दिवशी माझ्या अंगावर सुती बनियन, सुती थर्मल, जीन्स, स्वेटर आणि बर्फात खेळायला जाताना घालतो ते जाकीट होते, तर पायांत डोंगर चढण्याचे बूट होते.

या वर्षी मी शिकारीचे सुरक्षा प्रशिक्षण पूर्ण केले आहे (इथे १ जानेवारी १९७३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना परवान्यासाठी ते सहसा लागतेच) आणि परवानाही काढणार आहे. कपडे पाहायला दुकानात गेलो, तेव्हा मात्र छातीत धस्स झाले. सिटकासारख्या नावाजलेल्या कंपनीचे कडक थंडीचे जाकीट ६०० डॉलरच्या घरात, तशीच छातीपर्यंत येणारी, खांद्यांवर पट्ट्यांची बिब विजार पाचशेच्या वर, आतले मेरिनो मेंढीच्या मऊ लोकरीचे कपडे २०० आणि बूट ३००, म्हणजे हातमोजे व टोपी धरण्याआधीच सोळाशे डॉलर होतात. नऊ दिवसांच्या हंगामातले जेमतेम चार दिवस माझ्या वाट्याला येणार असताना एवढा खर्च म्हणजे नाकापेक्षा मोती जड, असे आमच्या सौ.चे म्हणणे आहे आणि ते मला खोडता येत नाही. दुसरीकडे, शेजारी मात्र वडिलांच्या वेळचा लाल चौकड्यांचा जाड लोकरी कोट घालून दिवसभर निवांत बसतात.

या महाग कपड्यांत खरोखर काही वेगळे असते, की आपण नावाचे पैसे मोजतो? आणि स्वस्तात भागवायचे ठरवले, तर हात आखडता घेऊ नये अशी जागा कोणती?

---

डुलुथकर (मिनेसोटा)

माळरान, तुम्ही अगदी योग्य वेळी विचारलेत, कारण हा खर्च बहुतेक जण पहिल्याच वर्षी घाईने करतात. मी १८ वर्षे मिनेसोटाच्या उत्तर भागात शिकार करतो आहे आणि पहिल्या तीन वर्षांत तुम्ही म्हणता तसाच संच घेऊन पस्तावलो आहे. कपडे वाईट होते म्हणून नव्हे. ते माझ्या कामाचे नव्हते.

आपण गोठतो ते मुख्यतः बसल्यामुळे. चालताना शरीर जेवढी उष्णता निर्माण करते, तिच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्याइतकीच ती स्वस्थ बसल्यावर होते. महाग शिकारी कपडे बनवणाऱ्यांची खरी कारागिरी असते, ती वजन कमी ठेवणे, घाम बाहेर जाऊ देणे आणि कपडा पिशवीत लहान घडीत मावणे यांत. चालणाऱ्या माणसाला या तिन्ही गोष्टींचे मोल आहे. सहा तास एका फळीवर बसणाऱ्याला मात्र हवी असते ती निव्वळ जाडी, म्हणजे कपड्यात अडकून राहिलेली स्तब्ध हवा, आणि जाडी ही बाजारात मिळणारी सर्वांत स्वस्त वस्तू आहे.

याला मोजमापही आहे. कपड्यांच्या उबेसाठी १९४१ साली शास्त्रज्ञांनी ‘क्लो’ नावाचे एकक ठरवले. साध्या कोट-पँटमध्ये २१ अंशांच्या खोलीत बसलेल्या माणसाला जेवढी ऊब पुरते, ती १ क्लो. अमेरिकी लष्कराचा जुना ध्रुवीय पोशाख सुमारे ४ क्लोचा मानला जातो, आणि इंचभर जाडीची स्तब्ध हवा साधारण तेवढीच ऊब देते. ती हवा हंसाच्या पिसांनी धरून ठेवली, कृत्रिम तंतूंनी, की शेजाऱ्यांच्या कोटातल्या लोकरीने, याचा शरीराला फारसा फरक पडत नाही. फरक पडतो तो वजनात आणि ओलाव्यात. तुमच्या शेजाऱ्यांचे गुपित एवढेच, की त्यांचा कोट जड आहे, आणि मचाणावर बसल्यावर तो जड असला तरी बिघडत नाही.

वाऱ्याचे म्हणाल, तर उणे ७ अंशांत ताशी १६ किलोमीटरचा वारा उघड्या त्वचेला उणे १३ सारखा लागतो. म्हणून सर्वांत बाहेरचा थर वारा अडवणारा हवाच. पण त्यासाठी कापडाच्या आत पातळ पडदा चिकटवण्याची भारी तंत्रविद्या लागत नाही, दाट विणीचे कापडही पुरते. पावसात बसायचे असेल तरच जलरोधक आणि तरीही श्वास घेणाऱ्या कापडावर पैसे घालावेत. नोव्हेंबरअखेरच्या कोरड्या बर्फात त्याची गरज क्वचित पडते.

एक गोष्ट दुकानदार सहसा सांगत नाहीत. त्या सहाशे डॉलरच्या जाकिटाच्या किमतीचा काही भाग त्यावर छापलेल्या झाडपाल्याच्या नक्षीचा आणि तिच्यामागच्या संशोधनाचा असतो. विस्कॉन्सिनमध्ये बंदुकीच्या हंगामात कमरेवरच्या प्रत्येक बाह्य वस्त्राचा निदान निम्मा भाग चकाकत्या नारिंगी किंवा गुलाबी रंगाचा असावा लागतो, टोपी घातली तर तिचाही. म्हणजे ती नक्षी विकत घ्यायची आणि तिच्यावर वीस डॉलरचे नारिंगी जाकीट चढवायचे! शिवाय हरणाच्या डोळ्याला नारिंगी आणि हिरवा यांतला भेद जवळपास कळत नाही. निळा आणि अतिनील प्रकाश मात्र त्याला आपल्याहून चांगला दिसतो. म्हणून नक्षीपेक्षा कपडे कोणत्या साबणाने धुता, याची काळजी अधिक घ्या. कपडे ‘अधिक शुभ्र’ करणारी पूड हरणाच्या नजरेत तुम्हाला उजळवते.

आता हात आखडू नये अशा जागा. पहिली जागा पाय. गेल्या वर्षी तुमची पावले गेली ती बुटाच्या तळव्यातून आणि बहुधा बुटाच्या घट्टपणामुळे. नेहमीपेक्षा एक माप मोठे, फेल्टचे (दाबून केलेल्या जाड लोकरी कापडाचे) अस्तर काढून वाळवता येणारे बूट घ्या, आत एकच जाड लोकरी मोजा घाला आणि बोटे हलतात ना, ते पाहा. दोन मोजे कोंबून रक्तप्रवाह अडवणे ही नवशिक्यांची ठरलेली चूक आहे. दुसरी जागा बूड. लोखंडी मचाणाची बैठक थंडी थेट हाडांत पोहोचवते. तिथे बंद पेशींच्या (पाणी न शोषणाऱ्या) फोमची दहा-पंधरा डॉलरची गादी जे काम करते, ते शंभर डॉलरची विजार करत नाही. तिसरी जागा हात, पण इथे हातमोज्यांची जाडी वाढवून एका मर्यादेपलीकडे उपयोग होत नाही, कारण बोटासारख्या बारीक वस्तूभोवती थर वाढवला, की उष्णता बाहेर पडण्याचा पृष्ठभागही वाढतो. त्यापेक्षा पातळ हातमोजे घालून हात कमरेला बांधलेल्या उबदार नळीत खुपसून बसावे.

आणि मचाणाकडे जाताना अर्धेच कपडे घाला. बाकीचे पाठीवर न्या, पोहोचल्यावर दहा मिनिटे थांबा, अंग निवले की मग चढवा. मी पहिल्या वर्षी सगळा संच चढवून पाऊण मैल बर्फ तुडवला, घामाने निथळलो आणि नऊ वाजता तुमच्यासारखाच खाली उतरलो. त्या दिवशी माझ्या अंगावर हजार डॉलरचे कपडे होते.

---

पहाडी पाऊल (कोलोरॅडो)

डुलुथकरांशी मी नव्वद टक्के सहमत आहे. उरलेले दहा टक्के आमच्या डोंगरांपुरते आहेत, पण ते सांगितले नाहीत तर हा धागा वाचून कुणीतरी जड लोकरी कोट घेऊन इकडे यायचा.

आम्ही एल्क नावाच्या मोठ्या हरणामागे नऊ-दहा हजार फुटांवर फिरतो. पहाटे तंबूबाहेर पाणी गोठलेले असते, दुपारी चढावर सदऱ्याची बटणे उघडावी लागतात आणि तासाभराने कड्यावर दुर्बीण घेऊन बसलो, की तोच घाम वाऱ्याने बर्फासारखा होतो. पाच दिवसांचे सगळे सामान पाठीवर असते. अशा वेळी प्रत्येक शंभर ग्रॅमला किंमत असते आणि घामाने न चिकटणाऱ्या, पाच दिवसांत फारसा वास न येणाऱ्या मेरिनोच्या सदऱ्यासाठी मी ९० डॉलर दिले त्याचे मला कधीही वाईट वाटले नाही. मेरिनो आपल्या वजनाच्या सुमारे तिसऱ्या हिश्श्याइतका ओलावा पोटात घेऊनही अंगाला ओली लागत नाही. पिसांच्या जाकिटालाही वजनाच्या मानाने तोड नाही, मात्र ते भिजले की चिंधी होते, म्हणून मी ते पिशवीतच ठेवतो आणि फक्त बसल्यावर काढतो.

थोडक्यात माझ्याकडचे महाग कपडे मी दरवर्षी वीस-पंचवीस दिवस वापरतो, शिकारीखेरीज पदभ्रमणालाही तेच असतात. चार दिवस मचाणावर बसण्यासाठी मी ते घेतले नसते. घ्यायचेच असतील तर हंगाम संपल्यावर जानेवारी-फेब्रुवारीत घ्यावेत. किंमत पुष्कळ उतरते, आणि हौस फिटलेल्या लोकांचे एकदाच घातलेले संचही तेव्हाच विक्रीला येतात.

---

सातारी सुभेदार (निवृत्त, सध्या मुक्काम सातारा)

शिकारीतले मला काही कळत नाही आणि आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यापासून तो विषय जवळपास संपलेला आहे. पण थंडीत न हलता बसणे हे मी लडाखमध्ये दोन हिवाळे केले आहे. पहाऱ्यावरच्या जवानाचे आणि आपले दुखणे एकच आहे.

तुमच्या यादीत मला सर्वांत आधी खटकले ते सुती बनियन. सुती कापड घाम शोषते आणि धरून ठेवते. तुम्ही वरती सोन्याचा कोट घातलात तरी अंगाशी ओले फडके गुंडाळलेलेच राहते. ते बदला, आणि त्यासाठी मेरिनोच हवी असे नाही. साधे पॉलिस्टरचे आतले कपडे, वासाकडे दुर्लक्ष केले, तर चार दिवसांना पुरेसे होतात. दुसरे, मोज्यांचा एक कोरडा जोड छातीशी, सदऱ्याच्या आत ठेवावा आणि ठिकाणावर पोहोचताच बदलावा. ही सवय आम्हाला पहिल्या आठवड्यात लावली जात असे. तिसरे, पोट रिकामे ठेवून थंडीत बसू नये. शेंगदाणे, गूळ, तूप लावलेली पोळी, जे मिळेल ते तासातासाने खावे, कारण शेगडीत कोळसा नसेल तर दारे-खिडक्या लावून काय उपयोग?

लोकरीविषयी डुलुथकर म्हणतात ते आमच्या माणदेशी मेंढपाळाला विचारा. घोंगडीची खोळ डोक्यावरून घेऊन तो भर पावसात माळावर उभा असतो. घोंगडी जड असते, टोचते, भिजली की वास मारते, पण ऊब सोडत नाही.

---

माळरान

सर्वांचे मनापासून आभार. सुभेदारसाहेब, बनियन आजच बाद केले.

दोन शंका उरल्या आहेत. बॅटरीवर तापणारी बंडी १५० डॉलरच्या आसपास मिळते. तिने एवढ्या सगळ्या थरांचे काम होईल का? आणि खिशात ठेवायच्या उष्णतेच्या पुड्या मी गेल्या वर्षी बुटात घातल्या होत्या, त्या अर्ध्या तासात थंड पडल्या. त्या खराब निघाल्या असतील का?

---

गोदाकाठची (उत्तर मिशिगन)

पुड्या खराब नव्हत्या. त्यांत लोखंडाची पूड असते, ती हवेतल्या प्राणवायूशी संयोग पावते आणि त्यातून उष्णता निघते. बंद बुटात पुरेशी हवा नसल्याने ती क्रिया मंदावते. खिशात किंवा हातांच्या नळीत त्या तासन्‌तास चालतात. बुटासाठी वेगळ्या, कमी हवेत चालणाऱ्या पुड्या मिळतात, पण त्या घालायलाही बुटात जागा हवी, म्हणजे पुन्हा डुलुथकरांच्या मोठ्या मापापाशीच येतो.

तापणारी बंडी माझ्याकडे आहे आणि मला ती आवडते, परंतु तिच्या भरवशावर मी एकही थर कमी करत नाही. सर्वाधिक तापमानावर ती तीन तासांच्या आत मान टाकते आणि थंडीत लिथियमची बॅटरी आणखी लवकर उतरते. ती बंद ठेवून बसायचे, हुडहुडी भरू लागली की वीस मिनिटे चालू करायची, असा तिचा वापर केला तर सकाळ निघते. बॅटरी बाहेरच्या खिशात न ठेवता अंगाशी ठेवा.

आता महाग कपड्यांची एक बाजू मांडते, कारण इथे सगळे पुरुष आहेत आणि ती कुणी मांडणार नाही. मी सहा वर्षे यजमानांचे जुने कपडे घालून शिकार केली. खांदे उतरलेले, बाह्या लोंबत, कंबर मोकळी. प्रत्येक हालचालीसरशी गळ्यातून आणि कमरेतून गरम हवा बाहेर जायची आणि थंड हवा आत यायची. जाडी भरपूर होती, पण ती जागेवर राहत नव्हती. मग एका कंपनीची खास बायकांच्या मापाची बिब विजार ३८० डॉलरना घेतली. त्या किमतीत मला दोन गोष्टी मिळाल्या. एक म्हणजे कपडा अंगासरशी बसला. दुसरी गोष्ट सांगायला संकोच वाटतो, पण ती महत्त्वाची आहे. त्या विजारीला मागून उघडणारी चेन आहे. उणे दहात, सहा थर घातलेले असताना, निसर्गाच्या हाकेसाठी सगळे कपडे उतरवावे लागू नयेत म्हणून मी पूर्वी सकाळी पाणीच पीत नसे. ते ३८० डॉलर मला कधीच महाग वाटले नाहीत.

आणखी एक म्हणजे आवाज. स्वस्त नायलॉनचे जाकीट थंडीत ताठ होते आणि हात हलवला तरी चुरचुरते. तीस यार्डांवरून बाण सोडणाऱ्याला ते परवडत नाही, आणि मी धनुष्यानेही शिकार करते. महाग कपड्यांचे मऊ, निःशब्द कापड तिथे खरोखर उपयोगी पडते. बंदुकीच्या हंगामात, शंभर यार्डांवर, ते तितके जाणवत नाही. तरीही बाहेरचा थर लोकर किंवा फ्लीस अशा मऊ कापडाचा असावा, असे मी सुचवेन.

---

डुलुथकर

गोदाकाठचीताई, अंगासरशी बसण्याचा मुद्दा माझ्याकडून सुटला होता. आवाजाचाही. मान्य.

माळरान, खरेदीआधी एक करून पाहा. जे कपडे घरात आहेत आणि जे उसने मिळतात, ते घालून एका थंड रात्री आपल्याच अंगणात खुर्ची टाकून तीन तास बसा. फोन पाहायचा नाही, उठायचे नाही. सर्वांत आधी जे गारठेल त्यावर पैसे खर्च करा.

---

माळरान

विलंबाबद्दल क्षमस्व. परवा रात्री उणे ५ अंश होते, तेव्हा अंगणात बसलो. आत पॉलिस्टरचे थर्मल, त्यावर दोन फ्लीस, त्यावर शेजाऱ्यांचा जुना दुसरा कोट, खाली त्यांचीच लोकरी विजार आणि बुडाखाली बागकामाची फोमची गादी होती. समोरच्या घरातल्या बाईंनी दिवा लावून दोनदा पाहिले आणि तिसऱ्या वेळी सौ.ला फोन करून सर्व ठीक आहे ना, असे विचारले.

दोन तास चाळीस मिनिटे बसलो. अंगाला आणि मांड्यांना थंडी जाणवलीच नाही. हात नळीत होते, ते ठीक राहिले. दीड तासानंतर पायाची बोटे गेली, तीही उजव्या पायाची आधी, कारण त्या बुटाची नाडी मी घट्ट बांधली होती, असे आत आल्यावर लक्षात आले.

म्हणून एक माप मोठे, फेल्टच्या अस्तराचे बूट १७० डॉलरना घेतले, कॉस्टकोतून लोकरी मोज्यांचे जोड आणले आणि पंधरा डॉलरची गादी व नारिंगी जाकीट घेतले. शेजाऱ्यांनी कोट परत घेण्यास नकार दिला आहे. उरलेले पैसे सौ.ने कशासाठी बाजूला काढले आहेत, हे मी अजून विचारलेले नाही.